'होल'ला अख्खा लिहावं का पूर्ण?

लातूरच्या भाचीचा परवा फोन आला. "मामा, इंग्रजीतल्या 'होल'ला (whole) अख्खा लिहू का पूर्ण?" तिच्याकडे भाषांतराचं काम आलंय आणि शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेत.

आधी वस्तूचं बघू. मोंढ्यात पोत्यात हात घातला की टरफलासकट गोल दाणा लागतो, ती अख्खी तूर. मिलमध्ये भरडून दोन फाकी झाल्या की तिची डाळ. तिथं 'पूर्ण तूर' मागितली तर आडत्या तोंडाकडं बघत राहील. जे फुटलं नाही, चिरलं नाही, ते अख्खं. 'होल'चा जुना अर्थही हाच: धडधाकट, इजा न झालेलं. 'हील' (heal, बरं होणं) आणि 'हेल्थ' त्याच मुळातून आलेत. म्हणून मला अख्खा त्याच्या जास्त जवळचा वाटतो.

गणितात मात्र पूर्णच. ०, १, २, ३ या 'होल नंबर'ना शाळेत पूर्ण संख्या म्हणतात. त्यात ऋण संख्या आल्या की पूर्णांक. इथं गल्लत नको.

सुराचंही बघावं लागतं. 'अख्खं गाव टँकरपाशी जमलं' हे डोळ्यांपुढं उभं राहतं. तहसीलच्या अहवालात 'संपूर्ण गाव' हवं.

जोडशब्दात दोन्ही सोडून दे. होलसेल म्हणजे ठोक, होल मिल्क म्हणजे साय न काढलेलं दूध.

तेव्हा धान्य, स्वयंपाक, गोष्ट, संवाद असेल तर अख्खा घे. गणित, करारनामा, अहवाल असेल तर पूर्ण किंवा संपूर्ण.