आधी जिना की आधी सभागृह? सार्वजनिक वसाहतीतल्या सामायिक जागांची तुलना

नूतनीकरणाचा पैसा मंजूर झाला की सार्वजनिक, म्हणजे सरकारी संस्थेनं बांधलेल्या वसाहतीच्या बैठकीत पहिली सूचना बहुतेक वेळा ठरलेली असते: सभागृह बांधू. सभागृह डोळ्यांत भरतं, त्यावर पाटी लावता येते, हिशेबही सुटसुटीत राहतो. जिन्यातला दिवा बदलला, लांबलचक कॉरिडॉर मधे तोडला, पत्रपेट्या हलवल्या, अशा कामांवर पाटी कोण लावणार? पण शेजाऱ्यापाजाऱ्यांची ओळख व्हावी, येणंजाणं वाढावं हा हेतू असेल तर मी नेमका उलटा क्रम लावेन. आधी जिना आणि प्रवेशद्वार, मग अंगण, मग मोकळा तळमजला. गच्चीचं परिस्थिती पाहून ठरवावं. सभागृह सगळ्यांत शेवटी.

त्यासाठी प्रत्येक जागेला दोन प्रश्न विचारायचे. ही जागा किती घरांची आहे? आणि इथं माणूस रोजच्या कामानं येतो, की मुद्दाम वेळ काढून यावं लागतं?

दुसरा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. अमेरिकेत एमआयटीच्या वेस्टगेट या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैत्री कशी जुळते याचा अभ्यास केला. तो १९५० साली प्रसिद्ध झाला. अगदी लगतच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. त्याहून मजेशीर म्हणजे, तळमजल्यावर जिन्याशेजारी आणि पत्रपेट्यांजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही जास्त ओळख होती. ती माणसं काही जास्त बोलघेवडी नव्हती, येणारेजाणारे त्यांच्या दारावरून जायचे इतकंच. वेस्टगेट ही सार्वजनिक वसाहत नव्हती आणि तिथले सगळे एकाच वयाचे, एकाच परिस्थितीतले होते. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. वहिवाटीची जागा ओळख करून देते, एवढं मात्र त्यातून घ्यावं.

जिना आणि कॉरिडॉर

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराची प्रुइट-आयगो वसाहत आठवते ती पाडल्यामुळे. ३३ इमारती, प्रत्येकी ११ मजली, वास्तुकार मिनोरू यामासाकी. तिथल्या लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबत नसत. पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबायच्या. त्या मजल्यांवर रुंद गॅलऱ्या ठेवल्या होत्या, शेजारी कपडे धुण्याची जागा. बाया कपडे धुतील, मुलं खेळतील, गप्पा होतील, अशी ती कल्पना. म्हणजे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथं चोख होतं, रोजचं काम होतंच. पहिल्या प्रश्नावर मात्र ती वसाहत आपटली. ऑस्कर न्यूमन या वास्तुकारानं तिथं एक गोष्ट टिपली: दोन कुटुंबांत मिळून असलेला जिन्याचा चौक झाडूनपुसून ठेवलेला असे, वीसएक कुटुंबांत मिळून असलेल्या कॉरिडॉरची पार दैना. राहणारी माणसं तीच. दोन घरांत कचरा कोणाचा हे कळतं, वीस घरांत कोणालाच विचारता येत नाही.

१९७२ मध्ये ही वसाहत पाडायला सुरुवात झाली आणि तेव्हापासून सगळा दोष आराखड्यावर ढकलायची सवय लागली आहे. ते बरोबर नाही. देखभालीचा खर्च भाड्यातून निघायचा होता. घरं रिकामी होत गेली तसं भाडं आटलं आणि लिफ्ट, दिवे, नळ बंद पडत गेले. नुसत्या आराखड्याच्या जोरावर काही उभं करू पाहणाऱ्यानं हे आधीच लक्षात ठेवावं.

एका जागेवर घरं थोडी हवीत, हा धडा सिंगापूरनं निमूटपणे गिरवला. तिथलं गृहनिर्माण मंडळ, एचडीबी, १९६० पासून घरं बांधतंय आणि देशातले सुमारे ८० टक्के लोक त्याच्याच घरांत राहतात. सुरुवातीच्या इमारतींत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच कॉरिडॉर असे. पुढे मंडळानं त्याचे तुकडे केले, सहा-आठ घरांपुरता एक. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या पार्क हिल वसाहतीनं (१९५७ ते १९६१) बरोबर उलटी वाट धरली होती: दुधाची गाडी जाईल असे सुमारे तीन मीटर रुंद हवाई रस्ते, त्यांना जुन्या गल्ल्यांची नावं, आणि जुने शेजारी शक्यतो शेजारीच. कल्पना देखणी, यात शंका नाही. पण निवड माझ्यावर आली तर मी सिंगापूरच्या बाजूनं जाईन. रस्ता म्हटला की तो सगळ्यांचा, आणि सगळ्यांचा म्हणजे झाडायला कोणाचाच नाही.

जिन्याचं काम किती बारकाईनं करता येतं ते पाहायचं असेल तर व्हिएन्नाचं फ्राउएन-वेर्क-श्टाट पाहावं. ३५७ घरांची ही वसाहत महिला वास्तुकारांनी आखली आणि १९९७ मध्ये पूर्ण झाली. जिने ऐसपैस आणि उजेडाचे. बाबागाडी ठेवायला प्रत्येक मजल्यावर खोली. आता ही खोली जरा डोळ्यांसमोर आणा. एका हातात मूल, दुसऱ्या हातात पिशव्या, गाडी आत ढकलायची आहे आणि नेमकी शेजारीण तिची गाडी बाहेर काढतेय. दार धरायला कोणीतरी लागतंच. सभागृहातल्या कार्यक्रमात दोन तास शेजारी बसून जी ओळख होत नाही, ती इथं अर्ध्या मिनिटात होऊन जाते.

एक सावधगिरी: जिन्यात बाक, कुंड्या, कपाटं मांडायच्या आधी अग्निशमनाचे नियम वाचा. सुटकेचा मार्ग अडवून केलेला शेजारधर्म महागात पडतो. जागा नसेल तर भिंतीतला कोनाडा किंवा खिडकीची रुंद फळीही पुरते.

अंगण

अंगण म्हटलं की कार्ल-मार्क्स-होफचं नाव येतंच. १९२७ ते १९३० मधली, किलोमीटरभराहून लांब, १,३८२ घरांची व्हिएन्नातली ही वसाहत. जमिनीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भागावर बांधकाम आहे. उरलेलं अंगण, बाग, वाटा. खरी खुबी मात्र दारांत आहे. जिन्यांची दारं रस्त्याकडे नाहीत, अंगणात उघडतात. घरी जायचं तर अंगणातूनच. अंगण मागच्या बाजूला आणि दार रस्त्यावर, असा तुमचा आराखडा असेल तर कितीही हिरवळ लावा, ते मागचं अंगणच राहणार. दार फिरवता येत असेल तर आधी ते फिरवा.

झाडांबद्दल शिकागोतला दाखला बोलका आहे. रॉबर्ट टेलर होम्स या उंच इमारतींच्या वसाहतीत काही अंगणांत झाडं टिकली होती, तर काही ठिकाणी देखभाल परवडेना म्हणून फरशी घातली गेली होती. फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सुलिव्हन या संशोधकांना आढळलं, की झाडं असलेल्या जागी जास्त लोक बाहेर येत आणि तिथल्या शेजाऱ्यांचे संबंध अधिक घट्ट होते. घरं गृहनिर्माण प्राधिकरणानं वाटलेली, म्हणजे झाडं आवडणारी मनमिळाऊ मंडळी तिथं मुद्दाम गोळा झाली असंही म्हणता येत नाही. खर्चाच्या मानानं इतकं देणारं दुसरं काम मला ठाऊक नाही. फक्त झाड वाढायला वर्षं लागतात, आणि तोवर पाणी कोण घालणार हे आज ठरवावं लागतं.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली क्लेसन पॉइंट गार्डन्स. तिथं न्यूमननं सामायिक जागा वाढवली नाही, कमी केली. ८० टक्क्यांहून अधिक सार्वजनिक जमीन कुंपणं घालून घराघराला वाटून दिली आणि मधली एकच जागा सगळ्यांसाठी नीट सजवली. लोकांना जवळ आणायला कुंपण, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण आपल्या कुंपणाशी उभं राहून पलीकडच्याशी बोलणं सोपं जातं. ओसाड मैदानात उभं राहून कोण कोणाशी बोलतो? तेव्हा बैठ्या, दुमजली घरांची वसाहत असेल तर क्लेसन पॉइंटचा मार्ग, आणि उंच इमारती असतील तर शिकागोची झाडं. उंच इमारतीखालच्या अंगणाचे तुकडे करून तळमजल्याला दिले तर वरचे आठ मजले जन्मभर कुरकुरतील.

मोकळा तळमजला

सिंगापूरचा ‘व्हॉइड डेक’ म्हणजे इमारतीचा खांबांवर उभा, भिंती नसलेला तळमजला. वारा खेळता, सावली दिवसभर. पत्रपेट्या इथंच, लिफ्टही इथंच. दगडी टेबलावर बुद्धिबळाचा पट कोरलेला, भोवती जमिनीत रुतवलेली स्टुलं. एका शनिवारी इथं लग्नाच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, पुढच्या आठवड्यात त्याच खांबांमध्ये कोणाच्या तरी अंत्यविधीची मंडळी बसलेली असतात. मलय कुटुंबाचं लग्न आणि चिनी कुटुंबाचं दुःख एकाच छपराखाली, आणि दोन्ही वेळा घरी जाणाऱ्याला तिथूनच जावं लागतं. आमंत्रण नसलं तरी काय चाललंय ते कळतं. असा तळमजला कुठल्याही सभागृहाला भारी आहे.

त्याच खांबांवर पाट्याही असतात: चेंडू खेळू नये, सायकल चालवू नये. तळमजल्याची खरी परीक्षा इथं होते. वरच्या घरांना आवाजाचा त्रास खरा असतो आणि मुलांना दुसरी जागा नाही हेही खरं असतं. मुलांसाठी वेगळी जागा न देता नुसती पाटी लावली की तळमजला शांत होतो आणि रिकामाही. तेव्हा हा पर्याय घेणार असाल तर खेळण्याची जागा त्याच अंदाजपत्रकात धरा, पुढच्या वर्षावर टाकू नका. नवीन बांधकामात मोकळा तळमजला सहज मिळतो. जुन्या इमारतीत तळमजल्यावर लोक राहत असतील तर हा विचारच सोडा.

गच्ची

गच्चीची अडचण उघड आहे: तिथून कोणी कुठं जात नाही, मुद्दाम चढावं लागतं. म्हणून तिथं ओढ तशीच जबर हवी. व्हिएन्नाच्या आल्टएर्लामध्ये वास्तुकार हॅरी ग्ल्युकनं गच्च्यांवर पोहण्याचे सात तलाव दिले, आणि लोक वर जातात. कुंड्या आणि दोन बाकांसाठी कोणी २५ मजले चढत नाही. सिंगापूरच्या स्कायव्हिल ॲट डॉसनमध्ये जास्त शहाणा मार्ग दिसतो: ९६० घरांची ८०-८० घरांच्या बारा गटांत वाटणी आणि प्रत्येक गटाला अधल्यामधल्या मजल्यावर स्वतःची बाग. ऐंशी हा आकडा मला तरी मोठाच वाटतो, पण ९६० पेक्षा केव्हाही बरा. जुन्या इमारतीवर गच्ची करायची तर आधी भार, पाणगळती आणि कठडे. तिथंच बहुतेक पैसा संपतो.

सभागृह आणि धुलाईघर

सभागृहाबद्दल थोडक्यात. किल्ली कोणाकडे, वेळ कोणती, वीजबिल कोण भरणार, या तिन्हींची उत्तरं लेखी असतील तर बांधा, नाहीतर नको. सगळ्यांनी मिळून कपडे धुण्याच्या धुलाईघराचं तसं नव्हतं, तिथं जावंच लागे. पण घरोघरी मशीन आलं की ते काम संपतं आणि त्यासोबत भेटही. कार्ल-मार्क्स-होफच्या एका जुन्या धुलाईघरात आता त्या काळच्या व्हिएन्नाचं संग्रहालय आहे.

ठरवण्याआधी

सगळ्यांत आधी घरं किती लहान आहेत ते पाहा. घरात श्वास घ्यायला जागा नसेल तर माणसं बाहेर येतात ती नाइलाजानं, आणि नाइलाजातून भांडणंच जास्त होतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या ग्रां पार्क वसाहतीत लाकातों आणि वासाल या वास्तुकारांनी ५३० घरांना बाहेरून खोल काचबंद सज्जे जोडले. हे काम २०१७ मध्ये संपलं. ही सामायिक जागा नव्हेच. पण काम चालू असताना कोणालाही घर सोडावं लागलं नाही, म्हणजे जुना शेजार तसाच टिकला. रहिवाशांना दोन वर्षं दुसरीकडे हलवून परत आणणारी योजना कोणी पुढे केली तर हे उदाहरण बैठकीत मांडा.

संमतीचाही प्रश्न आहे. सिंगापुरात परिसर सुधारणेची एक योजना ७५ टक्के घरमालकांचा होकार मिळाल्यावरच पुढे सरकते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या बायकर वसाहतीसाठी वास्तुकार राल्फ अर्स्किननं आपलं कार्यालय तिथल्याच एका जुन्या अंत्यविधीच्या दुकानात थाटलं, दार उघडं ठेवून. लोक तक्रार घेऊन थेट आत येत. मला दुसरी रीत जास्त भावते. होकाराच्या फॉर्मवर सही करणारा आराखडा वाचतोच असं नाही, दारात आलेला माणूस मात्र नळ कुठं गळतो तेही सांगून जातो.

एवढं करूनही जागा ठरत नसेल तर आधी काहीच पक्कं बांधू नका. प्रवेशद्वार, जिन्याचा पायथा आणि झाडाखाली मिळून वीसेक साध्या हलक्या खुर्च्या ठेवा. काही चोरीला जातील, ते गृहीत धरा. महिनाभरानं उरलेल्या खुर्च्या सरकत सरकत कुठं जाऊन थांबल्या आहेत ते पाहा आणि मग पक्क्या बाकांचं टेंडर काढा.