मुलांच्या दातांसाठी भूल: हॉस्पिटलची ओटी की डेंटल क्लिनिक?

एमडी किंवा डीए (भूलशास्त्रातली पदवी किंवा पदविका) संपवून पुण्या-मुंबईत बस्तान बसवू पाहणाऱ्या भूलतज्ज्ञाला हा फोन कधी ना कधी येतोच. चार वर्षांचं पोर, आठ-दहा किडलेले दात, खुर्चीवर बसायलाच तयार नाही. डेंटिस्ट म्हणतात, "एकाच बैठकीत सगळं उरकू, तुम्ही फक्त क्लिनिकवर या."

काम दोन्हीकडे तेच. श्वासाची वाट तुमची, तोंड डेंटिस्टचं, आणि जागा दोघांना मिळून इवलीशी. त्यामुळे बहुतेकदा नाकातून श्वासाची ट्यूब, घशात पॅक (रक्त-पाणी खाली जाऊ नये म्हणून ठेवलेली गॉजची पट्टी) आणि शेवटी पॅक निघाला हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणं. हिरडी बधिर करायला तोंडात दिलेल्या इंजेक्शनांचा हिशोबही ठेवायचा. १५ किलोच्या मुलाला किलोमागे ४.४ मिलिग्रॅम धरलं तर लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध जास्तीत जास्त ६६ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांची १.८ मिलीची दोन कार्ट्रिजही (औषधाच्या तयार नळ्या) पूर्ण देता येत नाहीत. चारही बाजूंचे दात एकदम करायचे असतात तेव्हा ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

फरक पडतो तो काही बिघडल्यावर. घशात पाण्याचा थेंब गेला, स्वरयंत्र आवळलं, की लहान मुलाचं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघता बघता घसरतं. ओटीत हाक मारली की दुसरा भूलतज्ज्ञ धावतो, पीआयसीयू (मुलांचा अतिदक्षता विभाग) त्याच इमारतीत असतं. क्लिनिकात तुम्ही, डेंटिस्ट आणि एक असिस्टंट. अमेरिकेतल्या बालरोग आणि बालदंत संघटनांच्या २०१९च्या मार्गदर्शिकेत गाढ भूल देणारा आणि दातांचं काम करणारा वेगवेगळे हवेत, असं आहे ते यासाठीच. बाकीचं तुम्हालाच तपासावं लागतं. कॅप्नोग्राफी (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) आहे का? वीज गेली तर सक्शन चालेल का? बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने अडीच तास, तोही भरलेला असेल तर. छाती दाबायची वेळ आली तर डेंटल खुर्ची खाली दबते, खुर्चीच्या पाठीखाली सरकवायला स्टूल हाताशी हवं. रिकव्हरीत मुलाजवळ नर्स बसणार की रिसेप्शनिस्ट?

पैशांचं थोडक्यात: नोकरीत ठरलेला पगार आणि नाइट ड्यूटी, क्लिनिकात केसमागे मानधन, रात्री मोकळ्या, पण मशीन, औषधं, मॉनिटर गाडीच्या डिकीत घेऊन तुम्हीच हमाल. इन्डेम्निटी पॉलिसीत (डॉक्टरवर दावा झाला तर कामी येणारा विमा) हॉस्पिटलबाहेरचं काम धरलेलं आहे ना, तेही वाचून घ्या. शिवाय केस रद्द झाली की कमाई शून्य. पाणी २ तास, आईचं दूध ४, हलकं खाणं ६ तास आधी बंद, असं कितीही बजावलं तरी आजीने प्रेमाने भरवलेलं बिस्किट सकाळी नऊला उघडकीस येतंच.

माझं मत विचाराल तर मुलांच्या ओटीत दोन-तीन वर्षं घासल्याशिवाय क्लिनिकची वाट धरू नये. त्यानंतर मात्र हे काम मला आवडतं. शांत, नेटकं, आणि आई-बाप मूल कडेवर घेऊन संध्याकाळच्या आत घरी.

मी सध्या तीन दिवस हॉस्पिटल आणि दोन दिवस क्लिनिक करते, तेही दोनच डेंटिस्टकडे. तिसरे होते. नाक वाहणारं, खोकणारं मूल बघून मी केस पुढे ढकलू म्हटलं, तर ते म्हणाले, "आई-बाबांनी रजा काढलीय हो, करून टाकू." त्या दिवशी भूल दिली नाही, आणि पुन्हा तिथे गेलेही नाही.