बी.एड.चं गणित: लेखी पेपर की पाठ-टाचण?

बी.एड.ला गणित शिकवण्याची तयारी कशावरून जोखावी: लेखी पेपरावरून, की पाठ-टाचणावरून, म्हणजे पाठ घेण्याआधी लिहिलेल्या आराखड्यावरून? लेखी पेपरात उद्गामी-अवगामी (उदाहरणांवरून नियम, नियमावरून उदाहरणं) पद्धती घोकून गुण मिळतात. तपासणी मात्र सगळ्यांची सारखी होते, हे मान्य. पण १/२ भागिले १/४ ला 'उलटा करून गुणा' लिहिणारा छात्राध्यापक वर्गात मुलांच्या प्रश्नावर अडतो: "सर, भागाकार केला तरी उत्तर मोठं कसं?" अर्ध्या भाकरीत चतकोर किती, हे टाचणात आधीच मांडलं असेल तर तो सुटतो.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात किमान २० आठवडे शाळेत. म्हणजे सत्रकार्याला (टाचणांसारख्या, अंतर्गत गुणांच्या कामाला) वाव भरपूर. फक्त टाचणं सीनियरच्या वहीतून उतरतात (शीर्षकातल्या चुकांसकट!) आणि अंतर्गत गुण सढळ हाताने वाटले जातात. निरीक्षक पाठानंतर दोन खोचक प्रश्न विचारणार असतील, तर माझं मत टाचणाला.