आत्याच्या थुंकीत सापडलं वाय गुणसूत्र

देवस्थानाच्या महाजनकीत, म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांच्या सभासदांत, नाव लावायचंय म्हणून, नाहीतर नुसत्या हौसेने तुम्ही वंशावळ शोधत असाल आणि कुणी ‘डीएनए आणि पोर्तुगीज दप्तर, दोन्ही जुळवून पक्का अहवाल देतो’ म्हणत दारात आला, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. आमच्या घरचे 45,000 रुपये गेलेत.

आमचं घर फोंड्याचं. देव मूळचा गोव्यातल्याच साष्टी तालुक्यातला. सोळाव्या शतकात बाटाबाटीच्या धामधुमीत जे देव अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, हलवले गेले त्यांतला. आमचं वांगड, म्हणजे आमच्या घराण्याचा गट, महाजनांच्या यादीत आहे, पण आमच्या शाखेचा दुवा कागदावर मधेच तुटतो. गोव्यात देवस्थानांचा कारभार 1886 आणि मग 1933 च्या पोर्तुगीज नियमावलीने बांधलेला, आणि महाजनकी चालते पुरुषवंशाने. त्यामुळे ‘आम्ही त्याच घराण्यातले’ हे तोंडाने सांगून भागत नाही. मुंबईच्या चुलतभावाने हे काम मनावर घेतलं आणि कुणाच्या तरी ओळखीने हा गृहस्थ गाठला.

माणूस गोडबोल्या. पणजीच्या पुराभिलेखात रोजची ऊठबस आहे, लिस्बनला माणसं आहेत, असं सांगायचा. 15,000 आगाऊ घेतले. पिढीने सगळ्यांत वर आत्या, म्हणून नमुना तिचाच हवा म्हणाला. चहा-चकली झाल्या झाल्या नळी पुढे केली आणि ‘थुंका’ म्हणाला. खऱ्या चाचणीच्या डबीवर स्पष्ट लिहिलेलं असतं, की आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. नळी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात घालून तो निघून गेला.

अहवाल आला तो थेट भावाच्या ईमेलवर. रंगीत तक्ते, अकरा पिढ्यांची पुरुषपरंपरा, सोबत जुन्या कागदांचे फोटो. उरलेले 30,000 त्याच रात्री गेले. पुढच्या आठवड्यात भावाने छापील प्रत फोंड्याला पाठवली, तेव्हा कुठे ती आत्याच्या हातात पडली.

आत्या पणजीच्या लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेली. पोर्तुगीज ती अजून खडाखड वाचते. चष्मा लावून तिने पहिलाच कागद उचलला: माझ्या पणजोबांचा 1884 चा जन्मदाखला, खाली टीप ‘मूळ प्रत’. त्यावरच्या गोल शिक्क्यात अक्षरं होती ‘रेपुब्लिका पोर्तुगेझा’. ती हसायलाच लागली. 1884 साली पोर्तुगालात राजा होता. प्रजासत्ताक आलं 1910 च्या ऑक्टोबरात, आणि सगळ्यांना सक्तीची नागरी नोंदणी त्यानंतर, 1911 च्या कायद्याने. नंतर काढलेल्या नकलेवर असा शिक्का असू शकतो, पण मूळ प्रतीवर कसा? दुसरा कागद तर 1732 चा, फोंड्यातल्या जमिनीचा, पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या सहीचा. फोंडा त्यांच्या हाती आला तोच मुळी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. एकाही कागदावर पुस्तक क्रमांक नाही, पान क्रमांक नाही.

मग डीएनएचा भाग काढला. त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं, की नमुन्यातल्या वाय गुणसूत्राचा गट ‘आर वन ए’ आहे आणि तो महाजन घराण्याशी तंतोतंत जुळतो. नमुना आत्याचा! बाईच्या अंगात वाय गुणसूत्र नसतंच. ते बापाकडून मुलाकडेच जातं. पुरुषवंश बघायचा तर नमुना माझा किंवा भावाचा घ्यायला हवा होता. आणि आर वन ए हा गट भारतात इतका पसरलेला आहे, की तेवढ्यावरून गोत्र, गाव, कूळ काहीच ठरत नाही.

यावर आत्या जे म्हणाली त्याने तर सगळंच ढासळलं. “म्हजो आजो दत्तक आयिल्लो मरे!” म्हणजे माझे पणजोबा जन्माने दुसऱ्याच घराण्यातले. दत्तक गोव्यात नवलाचा नाही. हिंदूंच्या चालीरीतींना मान्यता देणाऱ्या 1880 च्या हुकुमात तोही धरलेला होता. दत्तकाने गोत्र, वारसा, महाजनकी सगळं दत्तक घराण्याचं मिळतं. वाय मात्र जन्मदात्याचंच राहतं. तेव्हा आमच्या घरात कागद आणि वाय गुणसूत्र प्रामाणिकपणे तपासले असते, तर ते एकमेकांशी जुळायलाच नको होते. या बहाद्दराने अकरा पिढ्या टाकाला टाका लावून जुळवल्या.

खरं काम असं गुळगुळीत नसतंच. अकरा पिढ्या मागे गेलं की हिशेबाने 2,048 पूर्वज होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. अगदी चौथ्या पातळीच्या चुलत भावंडांतही जवळपास निम्म्या जोड्यांत सामायिक असं काही सापडत नाही. त्यात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांतच सोयरिकी, मामेबहिणीशी लग्नं. त्यामुळे लांबचं नातंही चाचणीत जवळचं दिसतं. अहवालात कारवारच्या कुणाशी 24 सेंटिमॉर्गन (डीएनएच्या तुकड्याची लांबी सांगायचं माप) जुळल्याचं लिहून त्याला ‘एकाच मूळ पुरुषाचा वंशज’ ठरवलं होतं. एवढा तुकडा आईच्या बाजूनेही आलेला असू शकतो, आजीच्या माहेरचाही. ते नातं नेमकं कुठून आलं हे दत्तकपत्र, महाजनांची यादी, कोमुनिदादीची (गोव्यातल्या जुन्या गावकीची) पुस्तकं, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांतल्या नोंदी असल्या कागदांतूनच शोधावं लागतं, आणि त्या कागदांत नाव चुकलंय का याचा संशय डीएनए घेतं.

भावाने फोन करून जाब विचारला तेव्हा त्या गृहस्थाने उलट लिस्बनहून ‘खात्रीची प्रत’ मागवायला आणखी 60,000 मागितले. आम्ही कच्च्या डेटाची फाइल मागितली. खऱ्या चाचणीतून लाखो ओळींची साधी मजकूर-फाइल निघते आणि ती ग्राहकाला उतरवून घेता येते. तो म्हणाला, ‘गोपनीय आहे.’ आत्याची स्वतःची फाइल आत्यापासून गोपनीय! नमुना कुठल्या प्रयोगशाळेत गेला, त्याची पावतीही नाही. त्यानंतर त्याचा फोन बंद.

तक्रार दिली आहे. ईमेल, पैसे पाठवल्याच्या नोंदी, शिक्क्याचा फोटो, सगळं जोडलंय. आत्याने हट्टाने स्वतःच्या सहीचा वेगळा अर्ज दिलाय, की तिचा नमुना कुठे आहे ते आधी शोधा. कारवार-मंगळूरकडच्या कुळाव्यांना, म्हणजे आमच्याच कुलदेवाच्या भाविकांना, हाच माणूस नव्या नंबरवरून फोन करतोय असं दोघा-तिघांनी कळवलं. त्याच्याकडून आलेला कागद कुणाकडे असेल तर शिक्का आणि साल नीट दिसेल असा फोटो काढून ठेवा आणि आपापल्या पोलीस ठाण्यात द्या. आमच्या तक्रारीलाही त्याने जोर येईल.