टर्बोच्या तोंडावर टेप असेल तर पैसे पाठवू नका

जाहिरात बघून एका विक्रेत्याकडून लांबूनच जुना टर्बो मागवला आणि फसलो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र: इंजिनाच्या धुराने टर्बाइनचं चाक फिरतं आणि त्याच शाफ्टवर दुसऱ्या टोकाला असलेला कॉम्प्रेसरचा पंखा हवा दाबतो. आधी आकडे सांगतो, कारण प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. बयाणा ४,००० रुपये. उरलेली रक्कम १४,५००. पॅकिंग आणि ट्रान्सपोर्ट १,८५०. शेवटी 'कोअर डिपॉझिट' म्हणून ३,०००, जे माल पोचल्यावर परत मिळणार होतं. एकूण २३,३५० रुपये त्याच्या खात्यात. वर त्याने दिलेल्या मापाचा आधीच कापून घेतलेला फ्लँज (पाइप बोल्टने जोडायची चकती) २,२०० आणि ऑइल लाइनचं सामान १,४००. म्हणजे २६,९५० रुपये गेले आणि टेबलावर चंदेरी रंग मारलेलं मोडकं लोखंड उरलं.

फसवायची पद्धत तुम्हाला सांगायला नको. थोडे थोडे पैसे काढायचे, दर वेळी पटेल असं कारण द्यायचं, आणि गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं की त्याला मागे फिरता येत नाही. मलाही हे माहीत होतं, म्हणून संताप जास्त आहे. फोनवर लॉटरी लागल्याचं सांगणाऱ्याला मी दोन मिनिटांत ओळखतो. पण या माणसाला टर्बो कळत होता. शाफ्टचा प्ले (ढिलेपणा), हाऊसिंगचा म्हणजे बाहेरच्या कवचाचा ए/आर (मापाचं गुणोत्तर), वेस्टगेटचा (जादा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेचा) अॅक्च्युएटर किती प्रेशरला उघडतो, सगळं न अडखळता बोलायचा. ज्याला काम येतं तो लबाड नसतो, असा आपला एक भाबडा समज असतो. त्याने तोच वापरला.

मला काय करायचं होतं तेही सांगतो, नाहीतर 'हौसेला मोल नाही, भोगा' म्हणणारे येतीलच. जुनं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन स्टँडवर बसवलं होतं. गाडी नाही, रस्ता नाही. भंगारातला टर्बो, साध्या स्टीलच्या पाइपचे बेंड जोडून घरी वेल्ड केलेला मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणारा), कुठल्यातरी डिझेल गाडीचा काढलेला इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा) आणि फार तर ०.४ बार बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांना ठाऊक आहे की जुना टर्बो स्वस्तात मिळून जातो, खिसा रिकामा होतो तो बाकीच्या गोष्टींत. मॅनिफोल्ड, ऑइलची फीड आणि रिटर्न, इंजेक्टर, पेट्रोल पंप, ट्यूनिंग. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "भाऊ, सुटं सुटं घेत बसाल तर दुप्पट जातील. माझ्याकडे ठोकलेल्या गाडीचा अख्खा सेट आहे. मॅनिफोल्ड, इंटरकूलर, पाइप, सगळं त्याच गाडीचं. बोल्ट टू बोल्ट बसतं." अख्खा सेट म्हटल्यावर ज्याचं बजेट तुटपुंजं आहे त्याच्या तोंडाला पाणी सुटणारच. 'पूर्ण सेट' हे दोन शब्द जाहिरातीत दिसले की सावध व्हा. भंगारात कुणाला अख्खा सेट मिळाला तर तो आधी मॅनिफोल्ड वेगळा विकतो, त्यालाच भाव असतो.

मी डोळे मिटून पैसे दिले नव्हते. पार्ट नंबर मागितला, त्याने दिला. पंख्याच्या पात्यांचे जवळून फोटो मागितले, पाठवले. पाती कुठे वाकलेली नाहीत, हाऊसिंगला आतून घासल्याच्या खुणा नाहीत. कॉम्प्रेसरच्या बाजूचा नट चिमटीत धरून शाफ्ट आत-बाहेर ढकलून दाखव म्हटलं, कारण आडव्या प्लेपेक्षा तो प्ले वाईट. साध्या बेअरिंगच्या टर्बोत तेल नसताना शाफ्ट किंचित आडवा हलतो, ते चालतं. आत-बाहेर जाणवण्याइतका हलला तर थ्रस्ट बेअरिंग गेलं. त्याने व्हिडिओ केला, नट धरला, ढकलला, ओढला. जागचा हलला नाही. मग बोटाने पंखा फिरवला. फिरला. आता यापुढे माणसाने घरबसल्या अजून काय तपासायचं?

तर त्या व्हिडिओत टर्बाइनचं तोंड खाकी टेपने बंद केलेलं होतं.

हे मी तेव्हाही पाहिलं होतं. विचारलंही. तो म्हणाला, "धूळ जायला नको म्हणून लावलाय, साहेब. एक खडा गेला तरी पातं उडतं, तुम्हाला माहीतच आहे." आणि मला माहीतच होतं! टर्बो लाखाच्या वर आरपीएमने फिरतो, बाहेर काढून ठेवला की सगळी भोकं बंद करायची असतात, हे मीच दुसऱ्यांना सांगतो. माझंच शहाणपण त्याने मला परत विकलं. पण कॉम्प्रेसरचं तोंड उघडं आणि टर्बाइनचं बंद, ही कुठली धुळीची काळजी? धूळ काय बाजू बघून शिरते? एवढा एक प्रश्न मनात आला असता तर २३,३५० वाचले असते. रात्री अंथरुणावर पडलं की तो टेपच दिसतो, त्याचा एक कोपरा सुटून वर आलेला होता.

आणखी एक खूण होती, पण तिने कुणालाही चकवलं असतं. बोट सुटल्याबरोबर पंखा थांबत होता. टर्बाइनचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं असतं, कॉम्प्रेसरच्या अॅल्युमिनियमच्या पंख्यापेक्षा कितीतरी जड. ते शाफ्टला जोडलेलं असेल तर बोट काढल्यावरही सगळं थोडं पुढे फिरत राहतं. पण आत तेल सुकून चिकट झालेलं असलं तरी पंखा असाच थांबतो, त्यामुळे यावरून मला कुणी अडाणी म्हणू नये.

पहिलं खोकं निघालं तेव्हा दुसरं 'मागून येतंय' होतं. मॅनिफोल्ड आणि इंटरकूलर त्यात. तेवढ्यात त्याने कोअर डिपॉझिटचं काढलं. रीकंडिशन टर्बोच्या धंद्यात ही पद्धत खरी आहे: तुमचा जुना टर्बो परत दिला की डिपॉझिट सुटतं. पण माझ्याकडे जुना टर्बोच नव्हता, मी परत काय देणार होतो? विचारल्यावर म्हणाला, "ज्याच्याकडून उचललाय त्याला मी भरलंय, ते तुमच्या नावावर फिरवायचंय." आता वाचताना हे वाक्य किती बिनडोक वाटतं. त्या वेळी २०,३५० रुपये गुंतले होते आणि खोकं वाटेत होतं. ३,००० साठी उरलेलं सोडून द्यायचं का? दिले.

खोकं आलं. टर्बो चकाचक. कॉम्प्रेसरचा पंखा फिरवला, फिरला. टेप ओढून काढला तर टर्बाइनचं चाक जागेवरच. पुन्हा फिरवलं. इकडचं फिरतंय, तिकडचं ढिम्म. हाऊसिंग तिरकं केलं आणि चाक घरंगळून हातात आलं. टर्बाइनचं चाक शाफ्टला वेल्ड केलेलं असतं, ते नेमकं तिथेच तुटलेलं. तुटलेल्या जागेवर काळी काजळी बसलेली आणि कडेला गंज. ताजं तुटलेलं लोखंड आतून चकचकीत दाणेदार दिसतं. म्हणजे हा टर्बो जुन्या मालकाच्या इंजिनावरच मेला होता. रंगाखाली पार्ट नंबरची पट्टी होती, पण तिचे रिव्हेट कोरे करकरीत, म्हणजे पट्टी नंतर ठोकलेली. आणि आउटलेटला बोल्ट चार. मी त्याच्या सांगण्यावरून पाच बोल्टचा फ्लँज कापून ठेवला होता. माल हातात आल्याशिवाय फ्लँज कापू नका, हे सांगायला माझे २,२०० गेले.

त्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "ट्रान्सपोर्टमध्ये तुटला असेल, क्लेम करा." काजळीबद्दल लिहिलं. त्यानंतर नंबर बंद. दुसरं खोकं अर्थातच नाही.

आता यंत्रणा. बँकेत गेलो. "पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना? मग आम्ही काय करणार?" समोरचं खातं निदान गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे गेलो तर आधी बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. ते आणलं तर हे सायबरचं आहे, हेल्पलाइनला लावा. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, आणि तेव्हापासून पुढे एकच शब्द: प्रक्रियेत. पुन्हा ठाण्यात गेलो तर साहेबांनी विचारलं, टर्बो म्हणजे काय. समजावून सांगितलं. मग म्हणाले, हे असलं नवीन काहीतरी करायलाच कशाला जाता? अहो, नवीन कसलं, स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखीने टर्बोचं पेटंट १९०५ साली घेतलंय! हे बोलायला नको होतं बहुतेक. लगेच सूर बदलला: "इंजिनात फेरफार करता म्हणजे तुमच्यावरच केस होऊ शकते." इंजिन स्टँडवर आहे, त्याला चाकंसुद्धा नाहीत, हे कितीदा सांगायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

कळस तर पुढे आहे. पुरावा म्हणून ट्रान्सपोर्टची पावती दिली. त्यावर त्या भामट्याने लिहिलंय: 'जुने लोखंडी पार्ट, किंमत ५०० रुपये.' त्यावर बोट ठेवून मला सांगण्यात आलं की कागदोपत्री नुकसान ५०० चंच दिसतंय. खात्यातून गेलेले २३,३५० दिसत नाहीत, कारण ते 'कशासाठी दिले हे सिद्ध होत नाही'. चॅट दाखवलं तर प्रिंट काढून आणा. प्रिंट नेले तर पेन ड्राइव्हमध्ये आणा. मी अजून जातोय, त्यांनीही कंटाळावं म्हणून. तुम्हाला एवढंच सांगतो, पैसे पाठवताना शेऱ्यात 'टर्बो, अमुक पार्ट नंबर' असं लिहा. मी 'बाकी' लिहिलं होतं. आणि माल निघायच्या आधी पावतीचा फोटो मागवा, किंमत खरी लिहिली आहे का ते पाहा.

ज्या ठिकाणी जाहिरात होती त्यांनी त्याचं खातं काढलं. आठवड्याभरात दुसऱ्या नावाने तोच माणूस. फोटोत मालाखालची फरशी तीच, कोपऱ्यात तडा गेलेली. मी रिपोर्ट केलं तर उत्तर आलं की या जाहिरातीत नियमभंग आढळला नाही.

हा टर्बो दुरुस्त होतो का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नवा कोअर (शाफ्ट, चाकं आणि बेअरिंगचा मधला भाग) टाकायला ११,५०० सांगितले, पण वेस्टगेटच्या भोकापासून टर्बाइन हाऊसिंगला लांब तडा गेलाय, तो रंगाखाली बुजवलेला होता. त्यामुळे नाही. जुना टर्बो लांबून घ्यायचाच असेल तर दोन्ही तोंडं उघडी ठेवून, आरसा लावून का होईना, दोन्ही चाकं एकत्र फिरताना एकाच व्हिडिओत मागा. रंग मारलेला नको, काजळीसकट द्या म्हणा. शक्य असेल तर जाऊन हातात घ्या, पैसे तिथेच द्या.

आणि फसलातच तर वस्तूला हात लावू नका. रंगाखाली काय आहे ते बघायला मी पेट्रोलच्या फडक्याने अर्धं हाऊसिंग पुसलं, पट्टी उघडी केली. परवा ठाण्यात मला सांगितलं, वस्तू मूळ स्थितीत राहिलेली नाही, त्यामुळे पंचनाम्यात घेता येणार नाही. लेखी द्या म्हटलं, तर तेही देत नाहीत.