स्टॉप अँड वॉच कार्ड: आपल्याकडच्या घरात किती चालतं?

थकलेल्या म्हाताऱ्या माणसाचं आजारपण पुष्कळदा तापाआधी जेवणाच्या ताटात दिसतं. अशा खुणा वेळेत टिपाव्यात म्हणून अमेरिकेतल्या 'इंटरॅक्ट' कार्यक्रमात 'स्टॉप अँड वॉच' हे एकपानी कार्ड तयार झालं. ते वृद्धाश्रमांतल्या मदतनिसांसाठी आहे: बदल दिसला की त्या ओळीला गोल करायचा आणि लगेच नर्सला सांगायचं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत नर्सच्या जागी सून किंवा मुलगा असतो. तरी पाचापैकी चार गुण द्यायला हरकत नाही.

'काय होतंय?' असं विचारलं की आजी 'काही नाही रे, वय झालं' म्हणून मोकळ्या होतात. कार्ड त्यांना विचारतच नाही. रोजच्यापेक्षा काय वेगळं दिसतंय, एवढंच बघणाऱ्याला विचारतं. बोलणं कमी झालं का, उठायला आधार जास्त लागतोय का, नवं दुखणं, खाणंपिणं कमी, तीन दिवस शौचाला नाही किंवा जुलाब, वजनात फरक, चुळबुळ, त्वचेचा रंग.

सगळ्यांत मोलाची ओळ गुंगी आणि गोंधळलेपणाची. काल स्वतः देवपूजा केलेल्या आजी आज बसल्या जागी पेंगतात, वाक्य अर्ध्यात सोडतात. घरच्यांना वाटतं, आज शांत आहेत. आरडाओरडा करणारा भ्रम कुणाच्याही लक्षात येतो, हा गप्प भ्रम निसटतो. मागे न्यूमोनिया, शरीरात पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं किंवा नवी झोपेची गोळी असू शकते. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांनी वाढत जातो. दोन दिवसांत आलेला गोंधळ 'वयामुळे' म्हणून सोडू नये.

'जेवण कमी' ही ओळ मात्र अपुरी. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना अर्धीच भाकरी पोटात गेली तर साखर उतरते. ग्लुकोमीटर ७० च्या खाली दाखवत असेल आणि नीट गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. गुंगीत असेल तर तोंडात काहीच घालू नये.

'कार्यक्रमांतला सहभाग कमी' ही ओळ आपल्याकडे निरर्थक. तिथे 'कट्ट्यावर गेले नाहीत, हरिपाठाला बसले नाहीत' असं लिहावं. STOP AND WATCH मधल्या एकेका इंग्रजी अक्षराने एकेक ओळ सुरू करायची युक्तीही मराठीत उरत नाही. त्यापेक्षा दिवसाच्या क्रमाने बघणं सोपं: उठणं, चहा, शौच, आंघोळ, जेवण, झोप.

मोठी उणीव आकड्यांची. माणूस बरा असताना आठवडाभर रोजचा ताप, श्वास आणि रक्तदाब वहीत लिहून ठेवावा, तरच पुढचा फरक कळतो. अनेक म्हाताऱ्यांचं रोजचं तापमान ९७ फॅरनहाइटच्या आसपास असतं; त्यांना ९९ म्हणजेही ताप असू शकतो. नेहमीपेक्षा २ अंशांनी वाढ किंवा तोंडात १०० च्या वर गेलं की डॉक्टरांना कळवावं. हाडकुळ्या काखेत थर्मामीटर कातडीला नीट टेकत नाही आणि कमी दाखवतो. श्वास पूर्ण मिनिट मोजावा, नाडी बघतोय असं भासवून, कारण लक्ष गेलं की माणूस वेगळा श्वास घेतो. विश्रांतीतही २५ किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. चक्कर येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब घ्यावा. वरचा आकडा २० ने उतरला तर पडण्याचा धोका. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर दाब खोटाच कमी येतो.

नोंदी मराठीत चालतील, पण गोळ्यांची नावं आणि आकडे इंग्रजीत लिहावेत, म्हणजे दवाखान्यातल्या कन्नड नर्सलाही वाचता येतात.

किती घाई करायची हेही कार्ड सांगत नाही. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, हाक मारून न उठणं, धाप लागून बोलता न येणं, छातीत न दुखताही अचानक घाम आणि दम: यांत गोल करत बसू नये, १०८ ला फोन करावा. ऑक्सिमीटर असेल तर जुलैच्या पावसात गारठलेलं बोट आधी चोळून गरम करावं आणि मेंदी लावलेलं नख टाळावं. आकडा चांगला आला तरी धाप दिसत असेल तर धापेवरच विश्वास ठेवावा.