गिसाल्लो: सायकलपटूंचे देऊळ आणि शेजारचे संग्रहालय

उत्तर इटलीत कोमो सरोवराकाठच्या बेलाज्जोहून सुमारे साडेदहा किलोमीटरांचा घाट चढून गेले की ७५४ मीटर उंचीवर मादोन्ना देल गिसाल्लो (गिसाल्लोची मेरीमाता) हे छोटेखानी चॅपल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, लागते आणि त्याच्या शेजारीच २००६ साली सुरू झालेले सायकल संग्रहालय आहे. संग्रहालयाच्या तिकिटाचे पैसे वसूल होतात का, असे विचाराल तर माझे उत्तर ‘होतात’ असेच आहे. मात्र चॅपल आधी पाहावे.

१९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी गिसाल्लोच्या या मातेला सायकलस्वारांची रक्षणकर्ती घोषित केले. नवस फेडायला आपल्याकडे देवळात घंटा बांधतात, तशा येथे विजेत्यांच्या सायकली भिंतींवर टांगलेल्या आहेत. त्यांत जीनो बार्ताली, फाउस्तो कोप्पी आणि एडी मेर्क्स यांच्याही सायकली असून, मान वर करून नीट पाहिले की पोलादी नळ्या, पाय पेडलला जखडून ठेवणारे चामडी पट्टे आणि मोजकेच गिअर नजरेत भरतात. असल्या सायकलीवर बार्तालीने १९३८ मध्ये टूर द फ्रान्स जिंकली आणि मधली उमेदीची वर्षे महायुद्धात गेल्यावर १९४८ मध्ये ती पुन्हा जिंकली, हे तेथे उभे राहून आठवले की आजच्या कार्बनच्या सायकलींचे कौतुक जरा आवरते घ्यावेसे वाटते.

त्याच गर्दीत फाबियो कासार्तेल्लीची मोडलेली सायकल आहे. याच परिसरातला हा तरुण १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकला आणि १९९५ च्या टूरमध्ये पोर्ते दास्पेचा घाट उतरताना पडून दगावला. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे व्हायला त्यानंतरही २००३ साल उजाडावे लागले.

चॅपलमध्ये जागा पुरेनाशी झाली तेव्हा नव्या इमारतीसाठी झटले ते फियोरेंझो मान्यी. तीन वेळा जिरो दितालिया (इटलीची अनेक टप्प्यांची मोठी सायकल शर्यत) आणि १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे बेल्जियममधील फ्लँडर्सची शर्यत जिंकूनही कोप्पी-बार्ताली या जोडीमुळे ते कायम तिसरेच मानले गेले. १९५६ च्या जिरोमध्ये गळ्याजवळचे हाड मोडल्यावर त्यांनी हँडलला ट्यूबचा तुकडा बांधला, त्याचे दुसरे टोक दातांत धरून चढण पार केली आणि एकूण क्रमवारीत दुसरा क्रमांक मिळवला. माझ्या मते अजिंक्यवीरांच्या यादीत त्यांचे नाव फार खाली टाकले जाते.

संग्रहालयाचे खरे वैभव म्हणजे जिरोच्या आघाडीवीराला मिळणाऱ्या गुलाबी जर्सींचा संग्रह. ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या आयोजक वृत्तपत्राच्या कागदावरून हा रंग १९३१ मध्ये घेतला गेला. जर्सींखालच्या नावांपैकी दोन-चारही ओळखीची नसतील, तर मात्र हे दालन कंटाळवाणे वाटण्याचा संभव आहे. म्हणून थोडे वाचूनच जावे.

उघडण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, त्या आधी तपासाव्यात. सायकलनेच जाणार असाल तर बेलाज्जो सोडल्यावरची चढण अंगावर येणारी आहे; तेथे सगळा दम खर्च करू नये.